ओपन सोर्स: लोकांनी पाठवलेल्या कामाला 'नको' कसं म्हणायचं? आणि उत्तराला फार उशीर झाला असेल तर?

मुळाक्षर | ७ मार्च, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात साठलं आहे ते लिहितो. लांबलं तर सांभाळून घ्या.

२०१९ साली मी पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत एक छोटी लायब्ररी लिहिली, म्हणजे इतरांना आपल्या प्रोग्राममध्ये वापरता येईल असा तयार कोड. आकड्यात रक्कम द्यायची, ती अक्षरी रुपयांत लिहून मिळते. बिलं, पावत्या, चेक यांसाठी. मराठीत हे काम वाटतं त्याहून अवघड आहे. एकपासून शंभरपर्यंत जवळपास प्रत्येक आकड्याला स्वतःचं नाव, वीसच्या पुढे नुसतं जोडत जाता येत नाही. त्यात १०० म्हणजे 'शंभर', पण १०१ ला 'शंभर एक' म्हणून चालत नाही. माझ्या पहिल्या आवृत्तीत नेमकी हीच चूक होती. कोल्हापूरच्या एका विद्यार्थ्याने दोन दिवसांत ती दुरुस्त करून पाठवली. त्या रात्री मला झोप लागली नव्हती, इतका आनंद झाला होता. कोण कुठला मुलगा, त्याने माझा कोड वाचला, चूक शोधली आणि वर दुरुस्तीही केली!

आज तिथे ६१ इश्यू आणि २३ पुल रिक्वेस्ट पडून आहेत. नोकरी आहे, घरी दोन वर्षांची मुलगी आहे, रविवारचे दोन तास कसेबसे मिळतात. आलेल्यातलं काही चांगलं आहे पण मला नको आहे. एकाने गुजराती आकड्यांची अख्खी फाइल पाठवली आहे, मला गुजराती येत नाही, मी ती तपासणार कशी? काही नुसते वाद आहेत: पंचाहत्तर की पंच्याहत्तर, शेवटी 'फक्त' की 'मात्र'. आणि गेल्या वर्षभरात यंत्राकडून लिहून घेतलेल्या पुल रिक्वेस्ट वाढल्या आहेत. दिसायला नीटनेटक्या, चालवल्या की मोडतात.

सगळ्यात जास्त टोचते ती एक ईमेल. सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेच्या रोखपालांनी आठ महिन्यांपूर्वी पाठवली आहे. सोबत हाताने लिहिलेल्या दोन पानांचे फोटो. आमच्या लायब्ररीवर बेतलेला पावतीचा प्रोग्राम ते वापरतात, त्यात काय काय चुकतं ते ओळीने लिहिलं आहे. 'रविवारी निवांत बघू' म्हणून मी ती बाजूला ठेवली. तो रविवार आलाच नाही. आता उत्तर द्यायची लाज वाटते.

प्रश्न दोन. चांगल्या मनाने आलेल्या कामाला नाही कसं म्हणता? आणि इतक्या उशिरा उत्तर द्यावं का?

कल्याण_जंक्शन | ७ मार्च, रात्री ११:४८

सरळ बंद करा. सहा महिने हालचाल नसलेलं सगळं बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, लावून बंद होतं. ज्याला खरंच गरज असेल तो पुन्हा उघडेल. उघडी पडून राहिलेली पुल रिक्वेस्ट म्हणजे समोरच्याला दिलेली खोटी आशा, आणि तुमच्या डोक्यावरचं ओझं. मी माझ्या दोन प्रकल्पांत हेच करतो, झोप शांत लागते.

अबोली | ८ मार्च, सकाळी ७:१५

कल्याण_जंक्शन, बॉटच्या बाबतीत मी अजिबात सहमत नाही.

मी दहा वर्षं मराठी भाषांतरं करते आहे. एका नोंदी ठेवायच्या ॲपसाठी मी दिवाळीच्या सुट्टीत बसून १४० वाक्यांचं भाषांतर पाठवलं होतं. साठ दिवसांनी उत्तर आलं: हालचाल नसल्यामुळे बंद करत आहोत. हालचाल कोणी करायची होती? माझं काम तर झालं होतं! मी परत तिकडे फिरकले नाही, ते ॲपही काढून टाकलं. त्यांच्यापैकी कोणी एका ओळीत 'आम्हाला मराठी सांभाळायला माणूस नाही, म्हणून घेत नाही' असं लिहिलं असतं तर मीच म्हटलं असतं, मी सांभाळते.

याउलट फायरफॉक्सवाल्या मोझिलाच्या पाँटून या भाषांतराच्या संकेतस्थळावर किंवा विकिपीडियाच्या सॉफ्टवेअरसाठीच्या ट्रान्सलेटविकीवर निदान चित्र स्पष्ट असतं. पाँटूनवर नवख्याचं वाक्य 'सूचना' म्हणून पडतं आणि अधिकार असलेला भाषांतरकार ते मंजूर करतो किंवा नाकारतो. नाकारलं तरी आपल्याला दिसतं. नाकारलं म्हणून कधी वाईट वाटलं नाही. दुर्लक्ष झालं तेव्हा वाटलं.

तळ्यातमळ्यात | ८ मार्च, सकाळी ९:०२

मी प्रोग्रामर नाही, पण धागा वाचते आहे. पुल रिक्वेस्ट म्हणजे नक्की काय?

एक अनुभव माझाही. एका फुकट मिळणाऱ्या लेखन-सॉफ्टवेअरमध्ये 'वाऱ्यावर' शब्द शोधला की सापडायचा नाही, डोळ्यांसमोर दिसत असून! तसं कळवलं तर उत्तर आलं, 'पॅच पाठवा'. मला वाटलं फाटलंय त्याला ठिगळ मागताहेत. मग गप्प बसले.

सह्यवारा | ८ मार्च, सकाळी १०:३०

तळ्यातमळ्यात, ठिगळाचा अर्थ अगदी बरोबर लावलात. पॅच म्हणजे ठिगळच.

पुल रिक्वेस्ट म्हणजे असं समजा, तुमच्या पाककृतींची वही शेजारणीने नेली, त्यातलं एक पान सुधारून नव्याने लिहिलं आणि म्हणाली, 'बघा, पटलं तर वहीत लावा.' वही तुमचीच. लावायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं. पण तिने पान लिहिलंय म्हटल्यावर वाचून उत्तर देणं आलंच. इश्यू म्हणजे 'बाई, तुमच्या अनारशात काहीतरी चुकतंय' एवढंच सांगणं.

तुमच्या 'वाऱ्यावर'चं कारण मला माहीत आहे. मराठीतला तो ऱ्य संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो. एकात युनिकोडचं (संगणकात अक्षरं साठवायच्या जागतिक पद्धतीचं) वेगळं अक्षर आहे, नुक्ता असलेला ऱ, त्याला हलंत. दुसऱ्यात साधा र, हलंत आणि मग न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे, यंत्राला मात्र दोन निराळे शब्द. शोधताना दोन्ही एकच मानायला सॉफ्टवेअरला शिकवावं लागतं. हिंदीत हा ऱ्य नाहीच, त्यामुळे देवनागरी ठाऊक असलेल्या माणसाच्याही हे लक्षात येत नाही. ल आणि श यांच्या मराठी वळणाचंही तेच. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी लिपीबद्दल निर्णय काढला आणि त्यात मराठी वळण दिलं, तरी असंख्य फाँटांमध्ये हिंदी वळणच उमटतं. हे सगळं तुमच्यासारख्या वाचणाऱ्या माणसाने सांगितलं तरच कळतं. म्हणून 'पॅच पाठवा' हे उत्तर मला फार चुकीचं वाटतं. तुम्ही पाठवलेलं वाक्य हेच योगदान होतं आणि ते मोलाचं होतं.

बार्शीकर | ८ मार्च, दुपारी १:४४

मी दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण २०२० च्या ऑक्टोबरमध्ये मी त्या गर्दीत होतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डिजिटलओशन कंपनी २०१४ पासून ओपन सोर्सला हातभार लावायचा हॅक्टोबरफेस्ट हा उपक्रम भरवते. त्या काळी ऑक्टोबरात चार पुल रिक्वेस्ट केल्या की टी-शर्ट मिळायचा. मी दुसऱ्या वर्षाला होतो, लॉकडाउनमुळे घरी. एक व्हिडिओ बघितला, त्यात रीडमी फाइलमध्ये, म्हणजे प्रकल्पाची ओळख लिहिलेली असते तिथे, एखादा शब्द घालून पुल रिक्वेस्ट कशी करायची ते दाखवलं होतं. आमच्या गटातल्या अकरा जणांनी तेच केलं. अनोळखी प्रकल्प उघडायचा, वर्णनात 'उत्तम प्रकल्प' असं काहीतरी घुसडायचं आणि पाठवून द्यायचं. जगभरातल्या मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्या, लोकांवर त्या आठवड्यात अशा रद्दीचा पाऊस पडला. शेवटी आयोजकांना महिन्याच्या सुरुवातीलाच नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पाने स्वतः होकार दिला असेल तिथलंच काम धरलं जाईल.

माझ्या चारपैकी तीन कोणी न बोलता बंद केल्या, ते योग्यच होतं. चौथ्या प्रकल्पाच्या मेंटेनरने मात्र तीन ओळी लिहिल्या. ही भर घेता येणार नाही, का ते सांगितलं, आणि 'आमच्याकडे तारखांच्या चाचण्या कमी आहेत, त्यातली एक लिहून बघणार का?' असं विचारलं. मी ती लिहायला नऊ दिवस घेतले. टी-शर्ट आला की नाही तेही मला आठवत नाही, ती चाचणी आठवते. आज मी याच क्षेत्रात नोकरी करतो.

पुढे २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस या जावास्क्रिप्टच्या चौकटीच्या रीडमीत स्वतःचं नाव घालणाऱ्या पुल रिक्वेस्टची लाट आली, तीही बरीचशी आपल्याकडच्या विद्यार्थ्यांची, एका शिकवणीच्या व्हिडिओमुळे. वाचून मान खाली गेली. त्या मुलांना कोणी हे सांगितलंच नव्हतं की पलीकडे एक माणूस बसलेला असतो आणि त्याची संध्याकाळ त्यात जाते.

कोरी_पाटी | ८ मार्च, दुपारी ३:१०

सगळे मेंटेनरलाच शहाणपण शिकवताहेत. त्याने काय काय करायचं? कोड लिहायचा, उत्तरं द्यायची, समजूत काढायची, विद्यार्थी घडवायचे, आणि पगार शून्य!

२०१४ मध्ये ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड हा दोष उघड झाला तेव्हा जगाला कळलं की अर्ध्या इंटरनेटची कुलपं सांभाळणाऱ्या प्रकल्पात पूर्णवेळ काम करणारा जेमतेम एक माणूस होता. फुकट मिळणाऱ्या गोष्टीवर हक्क सांगणाऱ्यांची संख्या कायम जास्त असते.

आणि योगदान घेतलंच पाहिजे असा नियम कुठे आहे? एसक्यूलाइट हा माहिती साठवायचा छोटा डेटाबेस बघा. तुमच्या-माझ्या प्रत्येक फोनमध्ये आहे. कोड सार्वजनिक मालकीचा, कोणीही घ्या, कसाही वापरा. पण बाहेरच्यांनी पाठवलेला कोड ते सहसा घेत नाहीत आणि तसं त्यांच्या संकेतस्थळावर स्वच्छ लिहिलं आहे. चुका मात्र कळवा म्हणतात, त्या दुरुस्तही करतात. मुळाक्षर, तुम्हीही दारावर तशी पाटी लावा, कोणी वाईट म्हणणार नाही.

ऱ्हाईनकाठी | ८ मार्च, रात्री ९:५५

पाटी लावायच्या सूचनेला माझा पाठिंबा, पण मी थोडं मागे जाते. मी कोलोनला राहते, इथल्या एका कंपनीत लिनक्स या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारे सर्व्हर सांभाळते. २०२४ चा गुड फ्रायडे मी कधी विसरणार नाही.

एक्सझेड ही फाइली दाबून लहान करायची जुनी, साधी वस्तू. जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असते. वर्षानुवर्षं एकच माणूस ती फावल्या वेळात सांभाळत होता. २०२१ च्या सुमारास 'जिया टॅन' नावाच्या खात्यावरून बारीकसारीक, कामाच्या दुरुस्त्या येऊ लागल्या. २०२२ मध्ये आणखी काही खाती ईमेल यादीवर त्या मेंटेनरच्या मागे लागली: पॅच पडून आहेत, तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्याला द्या. त्यांतल्या एकाचं नाव 'जिगर कुमार' होतं. ती खाती बनावट असावीत असं आज बहुतेक जाणकार मानतात. त्या मेंटेनरने तेव्हा प्रांजळपणे लिहिलं होतं की आपली मानसिक प्रकृती बरेच दिवस ठीक नाही आणि हे बिनपगारी, हौसेचं काम आहे. शेवटी जिया टॅनला अधिकार मिळाले. फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्या आल्या, त्यांत चोरदरवाजा होता.

तो सापडला कसा? पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड डेबियन या लिनक्सच्या 'अनस्टेबल' आवृत्तीवर वेग मोजत होते. दुरून सर्व्हरवर शिरायच्या एसएसएचला आत घेताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्यांच्या नजरेत आलं. त्यांनी ते सोडून दिलं नाही, मुळापर्यंत गेले आणि २९ मार्चला सगळं जाहीर केलं. आम्ही सुट्टीच्या दिवशी बसून प्रत्येक सर्व्हरवरची आवृत्ती तपासली.

हे का सांगते? मुळाक्षर, ६१ इश्यू पडून असलेला, थकलेला, मनात लाज साठवून बसलेला मेंटेनर हीच त्या लोकांनी हेरलेली जागा होती. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या पॅकेजचंही तेच झालं. 'मी सांभाळतो' म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला मूळ लेखकाने ते देऊन टाकलं आणि त्यातून बिटकॉइनची पाकिटं लुटायचा कोड घुसला. तुमची लायब्ररी पतसंस्थेच्या पावत्या छापते. पैशाची गोष्ट आहे. कोणी घाई करू लागलं, 'अधिकार द्या' म्हणू लागलं, तर तेवढ्यापुरतं तरी कठोर व्हा. उशीर झाला तर झाला.

सह्यवारा | ८ मार्च, रात्री १०:४०

ऱ्हाईनकाठी, हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

यंत्रलिखित पुल रिक्वेस्टबद्दल: कर्ल या इंटरनेटवरून माहिती आणणाऱ्या-पाठवणाऱ्या प्रोग्रामचे डॅनियल स्टेनबर्ग यांनी हा त्रास गेली दोन-अडीच वर्षं उघडपणे मांडला आहे. कर्लमधले सुरक्षादोष दाखवणाऱ्याला २०१९ पासून बक्षीस मिळायचं. मग यंत्राकडून लिहून घेतलेले, खरे वाटणारे पण पोकळ अहवाल येऊ लागले. प्रत्येक अहवाल गंभीरपणे तपासावाच लागतो, कारण न जाणो, खरा निघाला तर. शेवटी जानेवारी २०२६ अखेर त्यांनी बक्षीसच बंद केलं. जेंटू या लिनक्सने एप्रिल २०२४ मध्ये यंत्रलिखित योगदानावर बंदीच घातली, नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमनेही पुढच्याच महिन्यात तसा नियम केला.

मला स्वतःला बंदीपेक्षा दुसरा मार्ग आवडतो. पाठवणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचा: हे तुम्ही कोणत्या रकमेवर चालवून पाहिलंत आणि काय छापलं गेलं? ज्याने खरंच वापरलंय तो लगेच सांगतो. बाकीचे परत येत नाहीत.

आणि पोस्टग्रेसची एक पद्धत उचलण्यासारखी आहे. वर्षातून ठरावीक वेळा त्यांचा कमिटफेस्ट भरतो, तेव्हा साचलेले पॅच एकेक करून हातावेगळे करतात. पॅच पाठवणाऱ्याने दुसऱ्या कोणाचा तरी एक पॅच तपासावा अशी अपेक्षा असते. इर्जिकीसारखं, आज तुमच्या रानात, उद्या माझ्या. २३ पुल रिक्वेस्टवाले २३ जण आहेत तुमच्याकडे, त्यांना एकमेकांचं काम दाखवा की.

गोदाघाट | ९ मार्च, सकाळी ८:२०

इर्जिक! किती वर्षांनी हा शब्द वाचला. सह्यवारा, तुम्ही नक्कीच गावाकडचे.

थोडं अवांतर. मुळाक्षर, तुमच्या लायब्ररीत १,५०,००० ला 'दीड लाख' येतं का? आमचे आजोबा पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी सगळं म्हणायचे. औट म्हणजे साडेतीन. औटकी येणाऱ्या माणसाला कॅल्क्युलेटर देणं म्हणजे पैलवानाला काठी देणं.

मुळाक्षर | ९ मार्च, सकाळी ८:५१

गोदाघाट, हा तर क्रमांक ४ चा इश्यू आहे, सात वर्षं उघडा! 'दीड लाख' हवं म्हणणारे ९ आणि नको म्हणणारे ११. बोलण्यात दीड लाखच, पण चेकवर 'एक लाख पन्नास हजार' लिहितात. त्यामुळे मला काहीच ठरवता आलं नाही.

२०१९ ला तर कहर झाला होता. त्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीससोबत 'वीस एक' असंही वाचायची पद्धत आली आणि राज्यभर चर्चा पेटली. माझी लायब्ररी तेव्हा तीन आठवड्यांची होती. एका रात्रीत 'वीस एक घाला' आणि 'घातलंत तर याद राखा' असे दोन्हीकडून इश्यू आले. मी दोन्हींना 'विचार करतो' म्हणालो. तीच सवय लागली बहुतेक.

अबोली | ९ मार्च, सकाळी ९:३०

मुळाक्षर, ११ विरुद्ध ९ असं मोजू नका. 'मलाही हवं' म्हणणाऱ्यांनी निर्णय होत नसतो. २०१६ च्या जानेवारीत शेकडो मेंटेनर लोकांनी मिळून, असे प्रकल्प जिथे ठेवतात त्या गिटहबला उघडं पत्र लिहिलं होतं, त्यातली एक तक्रार हीच होती की इश्यूखाली नुसत्या 'अधिक एक'च्या रांगा लागतात आणि कामाची माहिती त्यात बुडते. त्यानंतर इश्यूचे साचे आले आणि अंगठा दाखवायची सोय आली. अंगठ्यावरून एवढंच कळतं की किती जणांना त्रास होतोय. उत्तर काय द्यायचं ते तुम्हालाच ठरवावं लागणार.

'दीड लाख' हा बोलीचा पर्याय, 'एक लाख पन्नास हजार' हा चेकचा. दोन वेगळ्या सोयी आहेत. लायब्ररी कशासाठी आहे ते पहिल्या ओळीत लिहा: 'व्यवहाराच्या कागदांवर छापण्यासाठी.' निम्मे इश्यू त्या एका ओळीने आपोआप निकाली निघतील. 'वीस एक' शिकवण्यासाठी आहे, पावतीसाठी नाही. गुजराती फाइलवाल्यालाही हेच सांगता येईल: ही मराठीची लायब्ररी आहे, तुमचं काम चांगलं आहे, स्वतंत्र प्रकल्प काढा, मी माझ्या पानावर त्याचा दुवा देईन. याला कोणी नकार म्हणेल का?

एक सावधगिरी मात्र बाळगा. आमच्या शब्दसूचीच्या प्रकल्पात एका उत्साही सदस्याने चार हजार शब्द अर्थांसह पाठवले. सगळे खूश. महिन्याने लक्षात आलं की अर्थ एका छापील कोशातून जसेच्या तसे उतरवले होते, त्या कोशाचा स्वामित्वहक्क चालू होता. सगळं उपटून काढावं लागलं, वर त्या माणसाचं मन मोडलं, कारण त्याला हे चूक आहे हे ठाऊकच नव्हतं. लिनक्समध्ये २००४ पासून प्रत्येक पॅचखाली पाठवणाऱ्याची सही लागते, 'हे देण्याचा मला हक्क आहे' या अर्थाची. एका ओळीचं काम आहे. ते आम्ही आधी विचारलं असतं तर त्याची रात्रीची मेहनत वाचली असती.

कल्याण_जंक्शन | ९ मार्च, दुपारी १२:०५

अबोलीताई, तुमची १४० वाक्यं मी काल रात्रीपासून डोक्यात घेऊन बसलो आहे. माझ्या प्रकल्पात जाऊन बॉटने काय काय बंद केलं ते चाळलं. ३८ सापडले. त्यांतल्या सहांना माझ्याकडून उत्तर जायला हवं होतं, त्यांनी सगळी माहिती दिली होती. आज सकाळी सहा जणांना लिहिलं. बॉट ठेवतो आहे, पण आता तो फक्त 'अजून माहिती हवी' असा शिक्का मारलेल्यांनाच हात लावेल.

कोरी_पाटी यांच्या पैशाच्या मुद्द्याला कोणी उत्तर दिलं नाही. तो मुद्दा बरोबर आहे. शेअर दलालीतल्या झिरोधा कंपनीने २०२४ मध्ये ओपन सोर्ससाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी सुरू केला, असे आणखी हवेत. पण मुळाक्षर यांच्यासारख्या दोन तासांच्या प्रकल्पाला पैशापेक्षा दुसरा एक माणूस मिळाला तर जास्त उपयोग होईल असं वाटतं.

कोरी_पाटी | ९ मार्च, दुपारी १२:३०

दुसरा माणूस मिळेल, पण ऱ्हाईनकाठीने सांगितलेला प्रकार वाचल्यावर अनोळखी माणसाला किल्ली द्यायची छाती कोणाची होणार?

बार्शीकर | ९ मार्च, दुपारी १२:४२

कोल्हापूरचा तो विद्यार्थी आहे ना. सात वर्षांपूर्वी शंभर एक दुरुस्त करणारा. त्याला विचारा.

तळ्यातमळ्यात | ९ मार्च, दुपारी ४:१५

आणि रोखपालांना उत्तर? सगळे कर्ल आणि एक्सझेडवर गेले, त्यांचं राहूनच गेलं. मी 'वाऱ्यावर'वाली आहे म्हणून विचारते. आठ महिने झाले तरी लिहा हो. मला आज कोणी लिहिलं तरी मी आनंदाने वाचेन.

मुळाक्षर | १६ मार्च, रात्री १०:१०

आठवड्याने आलो, माफ करा. पण रिकाम्या हाताने आलो नाही.

तळ्यातमळ्यात यांचं वाचून त्याच रात्री रोखपालकाकांना लिहिलं. उशीर झाला, चूक माझी, कारणं देत नाही, पानं आज नीट वाचली. दुसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं. रागाचा एक शब्द नाही. 'तुम्ही कामात असाल असं वाटलंच होतं' म्हणाले, आणि तिसरं पान पाठवलं! रविवारी फोनवर पाऊण तास बोललो.

त्या दोन पानांत जे आहे ते माझ्या २३ पुल रिक्वेस्टमध्ये कुठेच नाही. एक, पैसे नसले तरी आमची लायब्ररी 'शून्य पैसे' छापते, त्यामुळे ओळ लांबते आणि 'फक्त' हा शब्द पावतीच्या कडेला तुटतो. काका तो पेनाने लिहितात, रोज चाळीस-पन्नास पावत्यांवर. दोन, १२० कोटींच्या ठेवी आम्ही 'एक अब्ज वीस कोटी' लिहितो. अहवालात सगळे 'एकशे वीस कोटी' वाचतात, अब्ज ऐकला की सभासद घाबरून विचारतात चूक झाली का. शाळेच्या पुस्तकातून अब्ज घेतला होता मी, व्यवहारात कोण म्हणतं ते विचारलंच नव्हतं. तीन, एकोणऐंशीवरचा अनुस्वार एका ठिकाणी राहिला होता. सात वर्षं. तो शेकडो लोकांच्या पावत्यांवर तसाच छापला गेला असणार.

'शून्य पैसे' आणि अनुस्वार त्याच दिवशी दुरुस्त केले, कोट्यांसाठी पर्याय दिला. योगदान देणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव घालू का विचारलं. म्हणाले, नाव नको, 'एक रोखपाल, तासगाव तालुका' असं घाला. तसंच घातलं आहे. यादीत त्यांच्या वरच्या ओळीत कोल्हापूरचा तो विद्यार्थी आहे. बार्शीकर, त्याला लिहिलं. तो आता पुण्यातच आहे, माझ्या घरापासून चार किलोमीटरवर! पुढच्या शनिवारी भेटतोय. किल्ली लगेच देणार नाही, आधी तीन महिने दोघांनी मिळून तपासायचं असं ठरलंय, ही त्याचीच सूचना.

बाकी २३ पैकी ९ घेतल्या, ११ ना नाही म्हटलं. प्रत्येकाला स्वतः लिहिलं, दोन ते चार ओळी. अबोलीताईंची 'व्यवहाराच्या कागदांवर छापण्यासाठी' ही ओळ आता सगळ्यात वर आहे, आणि तिचा हवाला देऊन नाही म्हणणं खूप सोपं गेलं. गुजरातीवाल्याने स्वतःचा प्रकल्प काढलाही. एक जण चिडला, चिडू दे. उरलेल्या तिघांना सह्यवारांचा प्रश्न विचारला, कोणत्या रकमेवर चालवलंत? अजून उत्तर नाही.

आता काकांच्या तिसऱ्या पानावरचा एक प्रश्न राहिला आहे, तो तुमच्यापुढे ठेवतो. १,००,१०० रुपये कसे लिहाल? आमची लायब्ररी 'एक लाख शंभर' छापते. काका म्हणतात त्यांच्याकडे 'एक लाख एकशे' लिहितात.

गोदाघाट | १६ मार्च, रात्री १०:२२

एक लाख शंभर. आमच्या घरात तरी.

अबोली | १६ मार्च, रात्री १०:३५

मी 'एक लाख शंभर' बोलेन, पण चेकवर लिहिताना हात 'एकशे'कडेच जातो. काकांना विचारा ना, १,१०० ला ते काय लिहितात? 'एक हजार एकशे' की 'एक हजार शंभर'? त्यावरून त्यांचा नियम कळेल.

मुळाक्षर | १६ मार्च, रात्री १०:३७

विचारतो, उद्याच. इश्यू क्रमांक ८५ म्हणून नोंदवला आहे, तिथे या सगळे.